बीटाडीनचा ग्लास आणि चौदा हजारांची पावडर

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये सध्या 'मोफत हृदय तपासणी शिबिर' हा प्रकार जोरात आहे. क्लब हाऊस फुकट मिळतं, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आयता जमलेला असतो आणि त्यात शुगरवाले असतातच. आमच्या अण्णांना अशाच शिबिरात चौदा हजार आठशे रुपयांना गंडवलं. पैसे गेले त्याचं एवढं नाही. तिथं विकलेल्या पावडरीच्या भरवशावर त्यांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केली, राग त्याचा आहे.

शिबिर घेणारा माणूस तिशीतला, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. आपण डॉक्टर आहोत असं तो एकदाही म्हणाला नाही; कार्डावर 'वेलनेस कन्सल्टंट' होतं. आल्या आल्या सगळ्या आजी-आजोबांच्या पाया पडला. मग टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात बीटाडीनचे चार थेंब टाकले. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. "हे तुमचं साखरेनं गंजलेलं हृदय." मग एक कॅप्सूल फोडून पांढरट पावडर त्यात टाकली, चमच्यानं ढवळली, आणि पाणी बघता बघता स्वच्छ! "आणि हे आपल्या वनस्पती अँटिऑक्सिडंटनं धुतलेलं हृदय." टाळ्या पडल्या. लोकांनी व्हिडिओ काढले.

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिनं तो व्हिडिओ पाहिला आणि उठून स्वयंपाकघरात गेली. ग्लासभर पाणी, औषधाच्या डब्यातलं बीटाडीन, आणि केमिस्टकडे दोन-एक रुपयांना मिळणारी व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी कुटून. तेच झालं. सी जीवनसत्त्व बीटाडीनमधल्या आयोडीनला इलेक्ट्रॉन देतं, आयोडीनचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला रंग नसतो. "आजोबा, लिंबू पिळलं तरी होईल," म्हणाली. जे घडलं ते ग्लासात घडलं, हृदयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण तोवर अण्णांची तीन डब्यांची 'कोर्स किट' घरात आली होती.

ग्लासानंतर त्यानं मशीनही काढलं होतं. हातात धातूची कांडी धरायची, मिनिटभरात लॅपटॉपवर हृदय, यकृत, किडनी, जीवनसत्त्वं, सगळ्याचा पानंच्या पानं रिपोर्ट. आमच्या विंगमधल्या एका काकूंना शंका आली. त्यांनी पुन्हा रांगेत उभं राहून वय वीस वर्षांनी कमी सांगितलं. त्याच बाईचं हृदय पाच मिनिटांत सुधारलं! रक्ताचा थेंब नाही, ईसीजी नाही, आणि म्हणे हृदयाच्या स्नायूंची तपासणी.

हे लोक सगळंच धडधडीत खोटं बोलत नाहीत, हीच खरी अडचण. साखर सतत वाढलेली राहिली की हृदयाच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपं जास्त तयार होतात, स्नायू ताठर होत जातो आणि ठोक्यानंतर नीट सैलावत नाही, हे खरं आहे. ही रूपं शमवणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट; त्यांतल्या हळदीतलं करक्युमिन, द्राक्षांतलं रेझव्हेरॅट्रॉल, कांद्यातलं क्वेर्सेटिन यांवर प्रयोग झालेत, हेही खरं. मात्र त्या प्रयोगांतले पुष्कळसे स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून मधुमेह घडवलेल्या उंदरांवरचे. उंदरावरून उडी मारून हा कन्सल्टंट थेट वर्तकनगरच्या अण्णांवर आला, मधली माणसं गाळून. माणसांवर मोठी चाचणी झाली होती ब्रिटनमध्ये, 2002 साली प्रसिद्ध झाली. वीस हजारांवर लोक, त्यात जवळजवळ सहा हजार मधुमेही. ई, सी आणि बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं सुमारे पाच वर्षं दिली. हृदयविकार कमी झाला नाही. त्याच्या पत्रकावर मात्र 'ओरॅक' नावाचा भलामोठा आकडा छापला होता, जणू तो परीक्षेतला टक्का. हा आकडा अँटिऑक्सिडंटच्या ताकदीचा, पण परीक्षानळीत मोजलेला. अमेरिकेच्या कृषी खात्यानं ओरॅकची यादी 2012 मध्येच काढून टाकली, कारण कंपन्या तिचा गैरवापर करत होत्या आणि शरीरातल्या परिणामाशी त्या आकड्याचा मेळ बसत नव्हता.

"गोळ्या बंद करा असं मी कधीच सांगणार नाही, अण्णा," हे त्याचं वाक्य. "पण थोड्याच दिवसांत तुम्हीच डॉक्टरांना विचाराल, आता गोळ्या कशाला?" काय चलाख वाक्य आहे बघा! अण्णांनी डॉक्टरांना विचारलंच नाही, परस्पर बंद केल्या. पुढे पाय सुजायला लागले, ठाणे स्टेशनच्या पुलावर दोनदा थांबावं लागायला लागलं. त्याला कळवलं तर व्हॉइस नोट आली: "सूज म्हणजे घाण बाहेर पडतेय, डोस दुप्पट करा."

छातीत कधीच दुखलं नाही, म्हणून अण्णा निर्धास्त. डॉक्टरांनी सांगितलं की जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, दुखणं जाणवेलच असं नाही. धाप लागणं हीच खूण. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, 7.2 वरून 9.9 वर गेलं होतं. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, स्नायू ताठरल्याचं दिसलं. मेटफॉर्मिन परत सुरू झाली, सोबत एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाचीच दुसरी गोळी. गंमत अशी की ही दोन्ही औषधं मुळात झाडांवरूनच सुचलेली. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय झुडपात, आणि दुसरीचं सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या फ्लोरायझिनमध्ये, जे 1835 साली वेगळं काढलं होतं. वनस्पतीच हवी होती तर ती गोळीतच होती, तीही माणसांवर तपासलेली. मार्च 2025 मध्ये भारतातलं पेटंट संपल्यापासून एम्पाग्लिफ्लोझिन बरीच स्वस्तही झाली आहे.

आता कागदपत्रांचं. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर होता आणि तो दाखवून 'सरकारमान्य' म्हणाला. तो खाद्यपदार्थ विकायचा परवाना. गुण येतो याचा दाखला नव्हे. त्याच डब्यावर बारीक अक्षरांत 'औषधी उपयोगासाठी नाही' असंही छापलेलं आहे, भिंग लागतं वाचायला. पैसे कंपनीच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले. पावतीवर पावडरीचं नावच नाही, 'वेलनेस मेंबरशिप' लिहिलंय, म्हणजे उद्या विकलंच नाही म्हणायला मोकळा. मधुमेह किंवा हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं बंदी आहे, आणि पत्रक ही जाहिरातच. ते पत्रक आम्ही एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, दिलंय.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. आमचा अर्ज गेलाय. त्यानंतर त्या कन्सल्टंट साहेबांचा फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि विषय मिटवा म्हणून. अण्णांनी तो कट केला. तुमच्याकडे असा डबा असेल तर उरलेल्या पावडरीसकट, बॅच नंबरसकट जपून ठेवा, पत्रक आणि व्हॉइस नोटाही. आमच्या विंगमधल्या दोघींनी संतापाच्या भरात डबे ओल्या कचऱ्यात टाकले आणि चॅट डिलीट केलं. तक्रार करायची तर आता त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही.