माळरानावरच्या नोंदी: ॲपमध्ये कोणता नकाशा भरावा?

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळावर किंवा करमाळ्याकडच्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत) नोंदी घ्यायच्या तर क्यूफील्डसारखं फोनवरचं नकाशा-नोंदींचं ॲप फुकटात मिळतं. खरा पेच असतो तो त्यात कोणते लेअर, म्हणजे एकावर एक ठेवायचे नकाशाचे थर, भरायचे याचा.

खालच्या पार्श्वभूमीसाठी ऑनलाइन उपग्रहचित्र सगळ्यात सोपं. पण रेंज गेली की पडदा कोरा, आणि चित्र कोणत्या महिन्याचं ते बहुधा कळतच नाही. सोलापूरच्या माळाला हे चालणार नाही. सप्टेंबरात हिरवं असलेलं कुसळीचं रान मार्चपर्यंत पिवळं पडतं, मग गवताळ पट्टा आणि पडीक शेत ओळखू येत नाही. कडुनिंबाची झाडी मात्र मे महिन्यातच उठून दिसते. म्हणून गवताची हद्द आखायला पावसाळा संपतानाचं चित्र घ्या, झाडीसाठी उन्हाळ्यातलं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं तारीख पाहून मोफत उतरवता येतात. त्यांचा एक पिक्सेल (चित्रातला ठिपका) जमिनीवर १० मीटरचा, त्यामुळे रोपवन दिसतं, सुटं झाड नाही.

हे चित्र एमबीटाइल्स करून, म्हणजे छोट्या चौकोनी तुकड्यांची (टाइल्सची) रेंजशिवाय चालणारी एकच फाइल बनवून, फोनमध्ये ठेवा. झूमची एक पायरी वाढली की टाइल्स चौपट होतात, तेव्हा अख्खा तालुका न घेता बीटपुरतंच कापा. जुना टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा भूनकाशा) ओढे-टेकड्यांसाठी अजूनही उत्तम. फक्त त्याचा एव्हरेस्ट डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा जुना पाया) बदलून जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४ करून घ्या, नाहीतर हद्द शंभरेक मीटर सरकते.

नोंदी भरायच्या लेअरसाठी मी शेपफाइल हा नकाशाचा जुना फाइल-प्रकार सुचवणार नाही. तिच्यात रकान्याचं नाव १० बाइटांत बसवावं लागतं आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं. ‘रोपवन’सुद्धा मावत नाही. शिवाय चार-पाच फाइली सोबत न्यायच्या, त्यातली एखादी राहिली की काम अडतं. केएमएल हा गूगलचा फाइल-प्रकार दुसऱ्याला गूगल अर्थवर दाखवायला ठीक. जिओपॅकेज मात्र एकच फाइल: ठसे-लेंड्यांचे बिंदू, चर आणि जाळरेषांच्या रेषा, रोपवनाचे पॉलिगॉन (बंद आकृत्या), सगळं तिच्यातच राहतं आणि मराठी नावंही शाबूत राहतात. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये हवं असेल तर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, त्यात मोजमाप मीटरमध्ये होतं.

एकट्याने एखादी वनतळी पाहून यायची असेल तर ऑनलाइन चित्रावर भागेल. तीन-चार वनरक्षक वर्षभर नोंदी भरणार असतील, तर खाली एमबीटाइल्स आणि वर जिओपॅकेज, हीच जोडी घ्या.