दत्तकाचे कागद करायचे असतील तर तहसीलसमोरच्या लिंबाखालचं सेवा केंद्र

माझी धाकटी बहीण डब्लिनला नर्स आहे. वय ४३, लग्न केलेलं नाही. तिला मूल दत्तक घ्यायचं आहे आणि ते आपल्या देशातलंच पाहिजे. इकडचे कागद माझ्याकडे आले. ऐन कापूस वेचणीत दारव्ह्याला सहा चकरा झाल्या.

पहिल्या दोन वाया गेल्या, त्या दुसऱ्या दुकानात. जन्मदाखल्याच्या अर्जात त्यांनी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं टाकलं आणि महिना गेला. वर तिथं बसलेला एक माणूस म्हणाला, दीड लाख द्या, पोरगं मीच पाहून देतो. मी तशीच उठले. हे मूल विकत घेणंच झालं. बाल न्याय कायद्याचं कलम ८१ त्यासाठीच आहे, ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड. कोणी असं म्हटलं तर तिथं थांबूच नका.

लिंबाखालच्या केंद्रावरच्या पोरानं कागद हातातही घेतले नाहीत. म्हणाला, "ताई, अगुदर बहिणीचं वय सांगा." मग 'कारा'चे, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे नियम उघडून मला एकेक ओळ वाचून दाखवली. एकट्या पालकाचं वय ४० पर्यंत असेल तरच दोन वर्षांच्या आतलं बाळ. ४५ पर्यंत दोन ते चार वर्षांचं, ५० पर्यंत चार ते आठचं, ५५ पर्यंत त्याहून मोठं. नवरा-बायको असले तर दोघांच्या वयाची बेरीज धरतात, ८५ पासून ११० पर्यंत, आणि लग्नाला दोन वर्षं झालेली पाहिजेत. पालक आणि मुलात २५ वर्षांचं अंतर लागतं. एकट्या बाईला मुलगा-मुलगी कोणीही चालतं, एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत.

"तान्हं बाळ नाई भेटन, ताई. दोन वर्षाच्या वरचं भेटन. पण ४५ च्या अंदर नोंदणी करा म्हणा, वय नोंदणीच्या तारखेचं धरतेत."

बाहेरच्या बाकावर बसून मी तिला फोन लावला. आईच्या नऊवारीची पाळण्यातली गोधडी मी आधीच शिवून ठेवली होती, तिला माहीत होतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, गोधडीला अजून दोन पदर जोड."

दुसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. बाहेरदेशी राहणाऱ्या भारतीयाचा अर्ज इथून भरायचा नसतो. तो त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत किंवा तिथल्या दत्तक प्राधिकरणामार्फत येतो, घरभेटीचा अहवालही तिथलीच समाजसेविका करते. रांगेत मात्र आपल्या लोकांना इथल्या पालकांच्या बरोबरीनं धरतात. मी तर इथलाच फॉर्म भरून मोकळी झाले असते.

जन्मदाखल्याचा अर्ज पुन्हा केला तेव्हा त्यानं व्हॉट्सॲपवर पासपोर्टचा फोटो मागवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद बाहेरदेशी चालावा म्हणून मारलेला शिक्का, लागतं हेही त्यानंच शोधून काढलं.

शेवटी तिकडच्या संस्थेनं माझं हमीपत्र मागितलं, बहिणीला काही झालं तर मूल मी सांभाळीन म्हणून. ५०० चा स्टँप घेतला. टाइप झाल्यावर तो म्हणाला, सही करायच्या अगुदर मोठ्यानं वाचा. "तिच्या पश्चात" या शब्दांवर माझा आवाज बसला. त्यानं पाण्याचा गिलास पुढं केला आणि बाकीचं स्वतः वाचलं. यांनीही खाली सही केली, कोणी मागितली नव्हती तरी.

टायपिंगचे २०० घेतले, दुरुस्तीचे घेतले नाहीत. लाइन गेली की काम थांबतं, बसायला सावली लिंबाचीच. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत त्याला असं वाचून दाखवायला वेळ भेटत नाही. आणि ज्याचे कागद असतील त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स सोबत न्या.