पागाचे शिसे: केबलचे मऊ की चाकाचे कडक?

मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी टाकायच्या पागाला, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्याला, वजनाचे मणी घरीच ओतायचे, तर भंगारात दोन प्रकारचे शिसे मिळते: जुन्या केबलच्या वेष्टनाचे आणि चाकाच्या बॅलन्सिंगच्या वजनांचे. बॅटरीतल्या पट्ट्यांना हातच लावू नका. त्यातून विषारी वायू सुटतो.

केबलचे शिसे जवळजवळ शुद्ध. नखाने ओरखडा उठतो, 327 अंशांना वितळते आणि मणी पक्कडीने दाबला की दोरीवर न तडकता बसतो. खडकाळ तळावर मात्र चेपते.

चाकाच्या वजनात थोडी अँटिमनी असते, म्हणून ते कडक. साचा नीट भरतो, पण दाबून बसवायला गेलात तर चिरते. हे भोक पाडून ओवायच्या मण्यांनाच वापरा. शिवाय ढिगात जस्ताची वजने मिसळलेली असतात. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे आच बेताची ठेवली तर ते लोखंडी क्लिपांसोबत वर तरंगते. पळीने काढून टाका. एकदा विरघळले की सगळा रस रव्यासारखा होतो, पळीतून धड पडत नाही.

ओतताना मण्यावर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे, पृष्ठभाग पिठूळ दिसला तर फार तापलाय. गोव्याच्या पावसाळी दमटपणात साचा आणि भंगार आधी कोरडे तापवा. रसाखाली पाण्याचा थेंब गेला तर वाफ होऊन शिसे अंगावर उडते. काम उघड्यावर, चष्मा लावून. भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नको.

दाबून बसवायच्या पागाला केबलचेच, महाग पडले तरी.