वसमत रोडवरचं रिटर्न भरून देणारं ऑफिस: काम चोख, बसायला जागा नाही

परभणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल जळतात तेव्हा आमची सुगी, पाऊस लागला की निवांत. निम्मी उधारी सोयाबीन निघाल्यावरच वसूल होते. असल्या धंद्याचा हिशेब कोणाला समजावून सांगायचा म्हणजे आधी त्याला ऐकून घ्यायची सवय पाहिजे. या ऑफिसातल्या मॅडमला ती आहे.

आधीचा एजंट काही न विचारता उलाढालीच्या आठ टक्के नफा टाकून मोकळा व्हायचा. 44एडी, म्हणजे छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी धरायचं आयकराचं कलम. त्यात रोखीला 8 टक्के, यूपीआय-बँकेतून आलेल्याला 6 टक्के, हे सगळ्यांना पाठ आहे. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, खरं किती उरतं?" आमचं काम मजुरीचं, तांब्याची तार सोडली तर खर्च तो काय! त्या म्हणाल्या, आठ टक्के ही खालची मर्यादा आहे, जास्त उरत असेल तर जास्तच दाखवायचं. मी पावणेपाच लाख सांगितले. 2024-25 च्या उत्पन्नाला नव्या करपद्धतीत 7 लाखांपर्यंत सूट होती, म्हणून कर शून्य. शिवाय आयटीआर-4 वर, म्हणजे असल्या छोट्या धंद्याच्या रिटर्न फॉर्मवर, खरं उत्पन्न दिसलं की उद्या लेथ मशीनला कर्ज मागताना तोंड वर करून बोलता येतं.

पण मी हे लिहितोय ते पेन्शनच्या गोष्टीसाठी. आपल्यासारख्यांचा पीएफ कापायला मालक नसतो, जे टाकायचं ते आपणच. माझी बायको घरी पिको-फॉल करते. एका बँकेनं तिचा अटल पेन्शन या सरकारी योजनेचा फॉर्म परत केला. कारण काय, तर "घरात रिटर्न भरतात". मॅडमनी नियम काढून पुढ्यात ठेवला: 1 ऑक्टोबर 2022 पासून ज्याला स्वतःला आयकर लागतो किंवा आधी लागत होता, त्याला नवं खातं काढता येत नाही. रिटर्न भरणं वेगळं, कर लागणं वेगळं, आणि नवऱ्याचा तर संबंधच नाही. तोच कागद घेऊन ती परत गेली, खातं निघालं. वय 35, साठीनंतर 5000 पेन्शनसाठी महिना 902 रुपये. दुकानातला पोरगा 25 चा, त्याला तेवढ्याच पेन्शनला 376 बसतात. सहामाही हप्ताही चालतो. आमच्याकडं पैसा येतो तसाच.

मी चाळिशी ओलांडलेली, अटल मला बंद. मग एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. तिथं हप्ता ठरलेला नसतो, सुगीत जास्त टाका, पावसाळ्यात कमी. "टॅक्स वाचवायला काढत असाल तर नव्या पद्धतीत तुम्हाला त्याची वजावट नाही, म्हातारपणासाठी काढा," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. कमिशनवाला असता तर हे बोलला नसता.

आणखी एक. आयकराच्या पोर्टलवर त्यांनी मोबाईल नंबर आणि ईमेल माझाच टाकला. ही साधी गोष्ट वाटते, पण गावोगाव एजंट स्वतःचा नंबर टाकतात आणि मग नोटीस आली तरी पत्ता लागत नाही. आधार ओटीपीनं रिटर्न व्हेरिफायही समोर बसवून करून घेतलं. 30 दिवसांनंतर केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्न भरल्याची धरतात, आणि केलंच नाही तर भरलेलं रिटर्न धरतच नाहीत.

आता खोड्या. जिना अंधारा, खुर्च्या दोन, आणि रिटर्नच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी एवढी की पायरीवर बसावं लागतं. टोकन देतात, पण ओळखीचा आला की मधेच घुसवतात. फीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या ऑफिसला हे शोभत नाही. माझ्याकडून 800 घेतले, पेन्शनच्या माहितीचे वेगळे काही नाही.

पाचपैकी चार. जाताना पासबुक आणि यूपीआयचं वर्षाचं स्टेटमेंट प्रिंट काढूनच न्या, तिथला प्रिंटर कधी चालतो, कधी नाही.