आरएक्स-८चं कूलंट जातंय कुठे? प्रेशर टेस्टर की ब्लॉक टेस्टर

मेलबर्नहून भाच्याचा फोन आला: "मामा, माझदा आरएक्स-८ गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, खाली मात्र थेंब नाही. गळती शोधायला प्रेशर टेस्टर घेऊ की ब्लॉक टेस्टर?"

या गाडीच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. त्याला सिलिंडर हेडच नाही, म्हणजे कूलंट गळण्याची नेहमीची जागा, हेड गॅस्केटही नाही. रोटरभोवतीचं कवच (रोटर हाउसिंग) आणि बाजूच्या लोखंडी प्लेटांमध्ये रबरी कूलंट सील असतात. खरी भीती त्यांचीच, कारण ते बदलायचे तर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

खर्च: प्रेशर टेस्टर एकदाच घ्यायचा. ब्लॉक टेस्टरचं द्रावण संपतं, पुन्हा आणावं लागतं.

काय कळतं: प्रेशर टेस्टर म्हणजे काटा असलेला हातपंप. तो थंड इंजिनावर कूलंटच्या झाकणाच्या जागी लावायचा, झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. होज, वॉटर पंप, रेडिएटर यांची गळती इथेच सापडते. काटा उतरतोय आणि बाहेर सगळं कोरडं आहे, तर दाब तसाच ठेवून खालचे स्पार्क प्लग (लीडिंग प्लग) काढावेत. टोक ओलं, हिरवट आणि गोडसर वासाचं निघालं की संशय सीलवरच.

ब्लॉक टेस्टर म्हणजे निळं द्रावण भरलेली नळी; ती कूलंटच्या तोंडावर धरून तिथली हवा द्रावणातून ओढायची, तीही चालत्या, गरम इंजिनावर. जळलेला वायू कूलंटमध्ये आला की निळं द्रावण पिवळं होतं. पण नळीत कूलंट ओढलं गेलं तर रंग फसवतो, आणि सील नुकतंच जाऊ लागलं असेल तर निळं तसंच राहू शकतं.

गाडी स्वतःची असेल आणि गळतीची जागा हवी असेल तर प्रेशर टेस्टर. जुनी गाडी विकत घेण्याआधी तासाभरात तपासायची असेल तर ब्लॉक टेस्टर. भाच्याला मी पहिलाच घ्यायला सांगितला.