गूगल स्लाइड्सवरचं आमचं संग्रहालय: आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये आठवीला प्रकल्प दिला: घरातल्या जुन्या वस्तूचा फोटो आणि माहिती आणा. त्यांचं ऑनलाइन संग्रहालय आम्ही गूगल स्लाइड्सवर, म्हणजे गूगलच्या सादरीकरणाच्या ॲपवर, मांडलं. आता जानेवारी सरला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, लॅबमधले कॉम्प्युटर म्हातारे, पावसात वीज कधी जाईल नेम नाही. आत फिरता येणाऱ्या थ्रीडी दालनांचा नाद दोन दिवसांत सोडला.

इथं दालन म्हणजे एक स्लाइड. भिंतीचा फोटो बॅकग्राउंडला लावायचा, म्हणजे पोरांच्या हातून भिंत सरकत नाही. वस्तूवर क्लिक केलं की तिची स्लाइड उघडते, तिथून लिंकनं परत दालनात. रिकाम्या जागी क्लिक झालं तर मात्र पुढचीच स्लाइड येते, हे मला सप्टेंबरात उमगलं. तोवर पाहुणे जात्यावरून थेट घोंगडीवर! मग स्लाइडभर पारदर्शक चौकोन टाकला, त्याला त्याच स्लाइडची लिंक दिली आणि तो फोटोंच्या मागं ढकलला.

आज्यांच्या ओव्या व्हॉट्सॲपवर आल्या. त्या व्हॉइस नोट एमपीथ्री करून ड्राइव्हवर ठेवाव्या लागतात, शिवाय त्या फाइललाही शेअरिंग द्यावं लागतं. एकदा पालकांच्या ग्रुपवर मी चुकून एडिटची लिंक टाकली आणि कुणाच्या तरी धाकट्या भावानं सहा स्लाइड उडवल्या. फाइलचं जुनं रूप परत आणणाऱ्या व्हर्जन हिस्टरीनं वाचवलं.

खरी मेहनत वस्तूंच्या माहितीच्या पाट्यांवर गेली. पहिल्या पाट्या: ‘हे जाते आहे. ते दगडाचे असते.’ मग नियम केला, चार ओळी आणि त्याही घरी विचारूनच. धान्य मोजायच्या पायलीच्या पाटीवर एकानं कोष्टकातलं ‘४ शेर = १ पायली’ उतरवलं होतं. आजोबा म्हणाले, सावकाराची पायली देताना वेगळी, घेताना वेगळी. तीच ओळ आता पाटीवर आहे. प्रत्येक पाटी कन्नडमध्येही केली. जात्याला ‘बीसुव कल्लु’ म्हणतात हे कळल्यावर पोरं ‘बीस’ ऐकून विसाचा हिशोब लावत बसली.

१९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचं दालन फिकंच राहिलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव काँग्रेस अधिवेशन, एवढं लिहून पोरं थांबली. फोटो सगळे नेटवरचे. याउलट नंदगडच्या पोरानं इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीजवळचा वड स्वतः जाऊन टिपला. त्या स्लाइडवर सगळे रेंगाळतात.

फाइल अजून माझ्याच खात्यात आहे. बदली व्हायच्या आत शाळेच्या खात्यावर तिची प्रत करायची आहे, आणि ओव्यांचं शेअरिंग पुन्हा तपासायचंय.