उफ्फिझी बघून भूक लागली की इथे जा: फ्लॉरेन्सचं ‘आल्लांतिको विनायो’

उफ्फिझी ह्या कलासंग्रहालयातून बाहेर पडलं की पाय दुखत असतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. अशा वेळी चौकातल्या टेबल मांडलेल्या रेस्टॉरंटमध्ये शिरू नका. चालत पाचेक मिनिटांत वीया दे नेरी ही चिंचोळी गल्ली लागते, तिथे ‘आल्लांतिको विनायो’ हे सँडविचचं दुकान आहे. रांग बघून बिचकू नका. आता त्यांच्या मिलान, न्यूयॉर्कलाही शाखा आहेत, पण खावं ते ह्या गल्लीतच.

खरी कमाल पावाची. त्याला स्कियाच्चाता म्हणतात. पीठ पसरून, थालीपिठाला पाडतो तसे त्यात बोटांनी खळगे पाडायचे, त्यात ऑलिव्ह तेल जिरवायचं, वरून मीठ भुरभुरायचं आणि भाजायचं. टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथला, रोजचा पाव बिनमिठाचा असतो, सकाळी हॉटेलात तो खाऊन आमची तोंडं वाकडी झाली होती. त्यामुळे ह्या खारट, तेलकट, वरून कुरकुरीत पावाचं फारच अप्रूप वाटलं. हाताला तेल लागतं. लागू दे.

मी ‘ला फावोलोझा’ घेतलं, दुकानाचं सगळ्यात गाजलेलं. त्यात स्ब्रिचोलोना नावाचं सलामी असतं. डुकराचं मांस आणि भरपूर बडीशेप. समोरच यंत्रावर कापतात आणि काप इतके मऊ की उचलताना मोडतात. त्यावर पेकोरिनो चीझचं क्रीम, आर्टिचोक नावाच्या भाजीचं क्रीम आणि तिखट वांगं. पहिल्याच घासाला बडीशेप दाताखाली आली आणि मागून वांग्याचा तिखटपणा. पेकोरिनो मेंढीच्या दुधाचं, त्याला स्वतःचा उग्र खारटपणा असतो, तो आर्टिचोकमुळे मवाळ होतो. कुणीतरी नीट विचार करून जमवलेली चव आहे ही.

आई शुद्ध शाकाहारी, पण चीझ खाते. काउंटरवर ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं म्हटलं आणि तिथल्या मुलाने तेच सँडविच सलामी वगळून, वांगं जास्त घालून दिलं. आईने ते आवडीने संपवलं, आणि परदेशातलं खाणं तिला आवडणं ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे. मात्र जे रेनेटचंही, म्हणजे चीझसाठी दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाचंही, पथ्य पाळतात त्यांनी लक्षात ठेवा, पेकोरिनोसारख्या पारंपरिक इटालियन चीझमध्ये बहुतेक वेळा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट असतं. त्यांनी नुसत्या भाज्या घालून मागावं.

पैशांचं म्हणाल तर एक सँडविच दहा युरोंच्या आसपास, आणि आकार असा की बेताची भूक असेल तर दोघांत एक पुरतं. बसून जेवायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी वेगळे पैसे लावतात, ते इथे काउंटरवरून घेऊन बाहेर पडताना नाहीत.

एक कळकळीचं सांगणं. सँडविच घेऊन लोकांच्या दाराच्या उंबऱ्यावर फतकल मारू नका. गल्लीत माणसं राहतात, त्यांना स्वतःच्या घरात शिरायला वाट उरत नाही. २०१८ मध्ये तर महापालिकेने ह्या गल्लीसह चार ठिकाणी दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ६ ते १० ह्या वेळात फुटपाथवर, उंबऱ्यावर खायला बंदी घातली होती, दंड १५० ते ५०० युरो. आम्ही सँडविच कागदात गुंडाळून सांता क्रोचेच्या चौकात गेलो. तिथे दगडी बाक आहेत, समोर ते चर्च ज्यात मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या समाध्या आहेत.

शक्यतो साडेअकराच्या आत पोचा, दुपारी गल्ली भरून जाते. आणि हात पुसायला कागद जास्तीचे मागून घ्या.